बोट हलतं की मान?

अमरावती-अकोला महामार्गाचा 75 किलोमीटरचा पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत डांबरी होऊन गिनीज बुकात गेला. त्याआधी या वाटेवर एसटीत पेपर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. खिडकीबाहेरची पाटी मात्र तेव्हाही बिनघोर वाचता यायची. गचके तेच, डोळेही तेच!

हे कोडं आता अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या आकाशात जाणार. तिथला विमानतळ 16 एप्रिल 2025 ला सुरू झाला. शेजारीच एअर इंडियाची वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची योजना आहे. त्यासाठी मागवलेल्या 34 विमानांपैकी 31 एका इंजिनाची पायपर आर्चर. त्यांत डायलच्या जागी गार्मिनचे पडदे.

बोट नाकासमोर धरून भरभर हलवा. पेरावरच्या रेषा पुसतात. आता बोट स्थिर ठेवून तितक्याच वेगाने मान 'नाही, नाही' अशी हलवा, रेषा दिसतात. मान वळली की आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव क्षणात डोळ्यांना उलट फिरवतो. वस्तूच हलली तर तिच्या मागे धावावं लागतं, आणि सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांपुढे डोळ्याला धाप लागते.

कॉकपिटमध्ये पडदाही हलतो, डोकंही. पण एका तालात नाही. प्रोपेलर सेकंदाला 38 फेऱ्यांपर्यंत फिरतो. ती थरथर बरीचशी गादीत आणि पाठीत मुरते. छळतात ते सावकाश हादरे. चैत्र-वैशाखात काळी जमीन तापली की दुपारी हवा उसळते, विमान गचके खातं. सेकंदाला पाचेक हादरे बसले की बसलेलं शरीर ते वाढवूनच डोक्याकडे धाडतं. हातभर अंतरावर नजरेला जेमतेम 0.2 मिलिमीटरचा बारकावा दिसतो. पडदा मिलिमीटरभर सरकला तरी 3, 6, 8 सारखेच. काट्याचा कल मात्र अशातही कळतो. म्हणून जुन्या डायलला मोडीत काढायची घाई मला पटत नाही.

नासाच्या एरीस रॉकेटमध्ये सेकंदाला सुमारे 12 हादऱ्यांची भीती होती. आकडे वाचता यावेत म्हणून संशोधकांनी पडदा हादऱ्याच्या तालावर लुकलुकवून पाहिला. हादरे तसेच चालू होते. पण पडदा उजळायचा तो दर हेलकाव्याच्या नेमक्या त्याच क्षणी.