आदिलाबादच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग
पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिथे प्रोसेसर ठरल्यापेक्षा वेगाने पळवायचा असेल तर मदरबोर्डाची रोषणाई पाहू नका, व्हीआरएम पाहा. १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट देणारा हा भाग ओव्हरक्लॉकिंगमध्ये भयंकर तापतो; त्यावर जाड, पात्यांचा हीटसिंक हवाच. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला ढोबळमानाने निम्मे होते, म्हणून सॉलिड पॉलिमरचे घ्या. असा वेग वाढवायला इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरला सहसा ‘झेड’ मालिकेचा चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझनला ‘बी’ पुरतो, ‘ए’ नाही. माझ्या मते इथे प्रोसेसरपेक्षा बोर्डावर दोन पैसे जास्त घालावेत, आणि चाचणी भर दुपारीच घ्यावी.