दार कुणी उघडलं?

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. धनाजींचं नाव निघालं की पाठोपाठ संताजींचं येतं, आणि दोघांची नावं एकत्र आली की ती आख्यायिका सांगितल्याशिवाय कुणाला राहवत नाही. मुघलांचे घोडे पाणवठ्यावर अडायचे, पाण्याला तोंड लावायचे नाहीत, आणि स्वार चिडून विचारायचे, ‘का रे, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय?’

ही आपण शौर्याची गोष्ट म्हणून ऐकतो. जरा वेगळ्या अंगानं ऐकून बघा. त्या पाण्यात होतं काय? नुसतं पाणी! मराठ्यांची फौज कदाचित वीस कोस लांब असेल. तरी धडकी खरी होती. अजून समोर न आलेल्या, पण कुठल्याही क्षणी येऊ शकणाऱ्या गोष्टीची ती धडकी.

आता हातात एखादी थरारक कादंबरी घ्या. कागदावर काय आहे? नुसती शाई. शेवटच्या पानावर जे घडायचंय ते छापखान्यातच घडून गेलंय. तुम्ही वाचा किंवा वाचू नका, त्यात काडीचा फरक पडणार नाही. हे सगळं पक्कं माहीत असूनही रात्री दीड वाजता तळहात घामेजतात, आणि स्वयंपाकघरात भांडं वाजलं तर आपण ताडकन उठून बसतो. शाईला हे जमतं कसं?

युक्तीची पहिली किल्ली सिनेमावाल्याकडे सापडते. आल्फ्रेड हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला १९६२ साली सविस्तर मुलाखत दिली. त्यात त्यानं एक साधा प्रसंग मांडला. काही माणसं टेबलाभोवती गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंदांत काम संपलं. आता तोच प्रसंग घ्या, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधी दाखवा आणि भिंतीवरचं घड्याळही दाखवा. गप्पा त्याच, माणसं तीच. पण आता पंधरा मिनिटं प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. ‘अरे, गप्पा कसल्या मारताय, उठा!’ असं त्याला ओरडावंसं वाटतं.

गंमत लक्षात आली? दुसऱ्या प्रसंगात लेखकानं माहिती लपवली नाही, उलट जास्त दिली! रहस्य म्हणजे लपवाछपवी असं आपण धरून चालतो. खरा खेळ वेगळाच आहे. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, या दोहोंतल्या अंतराचा तो खेळ. पात्राला माहीत आहे पण वाचकाला नाही, तर कुतूहल. वाचकाला माहीत आहे पण पात्राला नाही, तर धडधड. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही २००५ सालची कादंबरी तर खून सुरुवातीलाच करून टाकते, तोही आपल्या डोळ्यांदेखत. खुनी कोण, का, कसा, सगळं माहीत. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. मग उरलं काय? तेच तर शेवटपर्यंत शोधायचं!

ही धडधड डोक्यात नेमकी कुठे घडते? युरी हॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना मेंदूचं चित्र टिपणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि हिचकॉकच्या दूरदर्शन मालिकेतला एक भाग दाखवला. एक लहान मुलगा खरं, गोळी भरलेलं पिस्तूल खेळणं समजून गावभर फिरतोय. तोच टेबलाखालचा बॉम्ब, फक्त आता चालता-बोलता! या संशोधनाचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. पाहणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचा सुमारे ६५ टक्के भाग एकमेकांशी ताल धरून चालत होता. एका बागेत कॅमेरा नुसता ठेवून केलेलं चित्रण दाखवलं, तेव्हा हा आकडा ५ टक्क्यांच्याही खाली आला. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एखादा पैलवान चितपट व्हायच्या बेतात असताना हजारो माना एकाच बाजूला कलतात ना? इथे माना स्थिर होत्या, मेंदू कलत होते. आणि ही माणसं एकत्र बसलीही नव्हती. प्रत्येकजण यंत्रात एकटा होता.

त्याहून विलक्षण प्रयोग मॅथ्यू बेझ्डेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक इथून प्रसिद्ध केला. पडद्याच्या मधोमध चित्रपटातले उत्कंठेचे प्रसंग, आणि कडेनं सतत लुकलुकणारे काळे-पांढरे चौकोन. डोळ्यांसमोर दोन्ही एकाच वेळी. पण प्रसंग जसजसा ताणत गेला, तसतसा मेंदूच्या ज्या भागात कडेचं दृश्य पोचतं, तिथली हालचाल मंदावत गेली. चौकोन लुकलुकतच होते. मेंदूनं त्यांची दखल घेणं कमी केलं! ‘अगं, तीनदा हाक मारली, ऐकू येत नाही का?’ या घरोघरच्या तक्रारीला इथे जवळजवळ वैद्यकीय दाखला मिळतो. उत्कंठा आपल्या जगाच्या कडा अंधुक करते.

बरं, धडधड झाली. पण प्रकरण संपलं की झोपावं ना माणसानं? ‘आणखी एकच प्रकरण’ हे कुठून येतं?

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली मारिया ओव्हसियांकिना ही तरुणी शिकत होती. तिनं लोकांना छोटी-छोटी कामं दिली आणि ती अर्ध्यावर तोडली. पूर्ण करा असं कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं. तरीही मोकळा वेळ मिळताच बहुतेकजण त्या अर्धवट कामाकडे आपणहून परतले. पुऱ्या न झालेल्या गोष्टीला मनात एक ओढ असते. आजच्या थरारकथा लेखकांनी या ओढीचं गणितच बसवलंय. प्रकरणं तीन-चार पानांची. प्रत्येकाच्या शेवटी दारावर थाप. पण दार उघडायचं ते पुढच्या प्रकरणात. त्यातही पुढचं प्रकरण भलत्याच माणसाचं, भलत्याच शहरातलं! म्हणजे एक काम अर्धवट असतानाच दुसरं हाती दिलं, आणि तेही अर्ध्यावर तोडलं. गिलियन फ्लिनच्या २०१२ सालच्या ‘गॉन गर्ल’मध्ये एक प्रकरण नवऱ्याचं, पुढचं बायकोच्या डायरीतलं, अशी पाळी चालते. दोघांच्या सांगण्यात बारीक फटी राहतात, आणि त्या फटींतून डोकावत आपली रात्र सरते.

हे वेड आपल्या मातीतलं नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाडची वाट वाचनालयांच्या दारात उभं राहून बघणारी एक अख्खी पिढी होती. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या बाराशेच्या पुढे गेल्या. सुहास शिरवळकरांनी या कथांना कॉलेजच्या कट्ट्यावरची भाषा दिली. आणि कोल्हापूरनं बाबा कदम दिले. हे सरकारी वकील. गुन्हा, साक्ष, उलटतपासणी यांतच ज्यांचा दिवस जायचा, त्यांनी संध्याकाळी कादंबऱ्या लिहाव्यात, यापेक्षा चांगली तालीम कुठली? बक्षीस म्हणून वाचकही तयार मिळाला. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, आणि १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. पुढे कोल्हापुरातच सुरू झालेल्या मेहता पब्लिशिंग हाऊसनं रॉबिन कुक, जॉन ग्रिशॅम असे परदेशी उस्ताद मराठीत आणले. पेठ वडगावहून कोल्हापूर म्हणजे तासाभराचाही एसटी प्रवास नाही. पण तेवढ्यात माणूस बोस्टनच्या शस्त्रक्रियागृहातून जाऊन येऊ शकतो.

आता जरा थांबा, कारण अनुवादाचं नाव निघालं आणि मला सगळ्यांत आवडणारा चमत्कार इथेच दडलाय.

समजा, खुनी स्वतःच गोष्ट सांगतोय आणि तो पुरुष आहे की बाई हेच रहस्य आहे. इंग्रजी लेखकाला हे सोपं. प्रथमपुरुषी निवेदन तीनशे पानं चाललं तरी क्रियापद चुगली करत नाही. मराठीत? ‘मी आत गेलो’ म्हणताच पुरुष, ‘मी आत गेले’ म्हणताच बाई. पहिल्याच वाक्याला रहस्याचा खून!

मग सुटका कशी? आपल्याच व्याकरणात एक चोरवाट आहे. ‘मी दार उघडलं.’ आता सांगा, कुणी उघडलं? पत्ताच लागत नाही! कारण इथे क्रियापद माणसाकडे बघतच नाही, ते दाराकडे बघतं. दार उघडलं, खिडकी उघडली, दरवाजा उघडला. उघडणारा हात कुणाचाही असो. भूतकाळात कर्म घेणारी बहुतेक क्रियापदं अशीच वागतात. म्हणजे मराठीतला गूढ निवेदक दिवा विझवू शकतो, चाकू उचलू शकतो, चिठ्ठी जाळू शकतो, पण येऊ शकत नाही, जाऊ शकत नाही, बसू शकत नाही, हसू शकत नाही. त्याला खून करता येतो, पण पळून जाता येत नाही! असली कादंबरी मराठीत आणणाऱ्याला शेवटचं पान वाचल्याशिवाय पहिल्या पानावरचं साधं ‘गेलो’सुद्धा लिहिता येणार नाही.

आणि या कुलपावर आणखी एक किल्ली आहे, ती थेट आपल्याच भागातली. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सहज म्हणतात, ‘मी आलो’, ‘मी जातो’. घरी, बाजारात, एसटीत. पुण्या-मुंबईचा वाचक ते वाचेल तर डोळे झाकून पुरुष समजेल. विचार करा! पेठ वडगावची एखादी निवेदिका दोनशे पानं बिनधास्त ‘मी गेलो, मी बसलो, मी पळालो’ म्हणत राहील, एकही शब्द खोटा बोलणार नाही, आणि शेवटच्या पानावर राज्यभरातले वाचक कपाळाला हात लावतील. कोल्हापूरचा वाचक मात्र पहिल्या प्रकरणापासून सावध! ही कादंबरी कुणीतरी लिहायलाच हवी.

‘एकही शब्द खोटा नाही’ ही अट फार मोलाची आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्लंडमधल्या धर्मगुरूनं गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले. धर्मगुरूनं दहा आज्ञा सांगाव्यात हे ओघानं आलंच, पण या आज्ञा खुनाबद्दलच्या! त्यांचा मथितार्थ एवढाच की हेराला सापडलेला दुवा वाचकालाही दिसला पाहिजे, आयत्या वेळी जुळा भाऊ काढायचा नाही, गुप्त भुयारं एकापेक्षा जास्त नकोत. म्हणजे पुरावे उघड्यावर ठेवायचे आणि तरीही वाचकाला दिसू द्यायचे नाहीत. कसं शक्य आहे? यादीत ठेवून! टेबलावर चष्मा, किल्ल्या, औषधाची बाटली, कालचं वर्तमानपत्र. आपण यादीवरून नजर फिरवतो आणि पुढच्या वाक्यातल्या किंकाळीकडे धावतो. बाटली तिथेच होती. अगाथा ख्रिस्तीनं १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’मध्ये याच प्रामाणिकपणाच्या आडून असा काही डाव टाकला की ती फसवणूक की कमाल, यावर वाद रंगले. डाव कुठला ते सांगत नाही. वाचली नसेल तर शिव्या खाव्या लागतील.

खरं तर सांगितला असता, तरी कदाचित बिघडलं नसतं! जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये याचीच परीक्षा घेतली. बारा कथा, त्यात ख्रिस्ती, चेखव, रोआल्ड डाल यांच्याही. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला. अपेक्षा काय? मजा गेली. निघालं उलटंच: शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीनं जास्त आवडल्या. आता आठवा तो टेबलाखालचा बॉम्ब. शेवट कळलेला वाचक म्हणजे ज्याला बॉम्ब दिसलाय तो वाचक. पात्रं गप्पा मारतायत, आणि याला सगळं माहीत आहे. एक रहस्य संपलं, तिथे दुसरी उत्कंठा सुरू झाली.

म्हणून चांगली थरारक कादंबरी संपल्यावर ती लगेच वाचनालयात परत देऊ नका. त्याच बैठकीत पहिलं प्रकरण पुन्हा उघडा. बाटली टेबलावर दिसेल. क्रियापदांनी कुठे अंग चोरलंय ते दिसेल. खुनी तुमच्यासमोर चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून, दोनदा जवळजवळ कबुली देऊन गेलेला दिसेल, आणि हे सगळं पहिल्या वाचनातही अगदी याच अक्षरांत छापलेलं होतं. पुस्तकात एक अक्षर बदललेलं नाही, पण कादंबरी मात्र दुसरीच झाली. एकाच किमतीत दोन पुस्तकं देणारा हा साहित्यप्रकार, आणि त्यातलं दुसरं तर बऱ्याचजणांनी अजून उघडलेलंच नाही!