परिषदेला जाऊन सभासदाला काय मिळते?

औद्योगिक जैवतंत्रज्ञानाच्या परिषदेला कारखान्याची माणसे पाठवायची म्हटले की “हा खर्च कशापायी?” असा सवाल येतो. सवाल रास्त आहे.

प्रयोगशाळेच्या बाटलीत जमलेले यीस्ट आसवनीच्या लाखो लिटरच्या टाकीत जमेलच असे नाही. टनभर सी-हेवी मळीतून साधारण २२० ते २५० लिटर अल्कोहोल निघते. शिवाय दर लिटरमागे, पद्धतीप्रमाणे, ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. उतारा का घटतो, स्पेंटवॉशचे काय करायचे, कर्जाचा हप्ता झेपतो का, हे यंत्र विकणाऱ्यापेक्षा यंत्र चालवणाराच खरे सांगतो. परिषदेत दोघेही समोरासमोर भेटतात.

म्हणून आम्ही म्हणतो, जाणाऱ्याने प्रश्न लिहून न्यावेत आणि परत आल्यावर सभेत उत्तरे मांडावीत. एक चुकीची खरेदी टळली तरी वाटखर्च वसूल झाला.