सहज विज्ञान : एका अंड्यावर तिघींचा डोळा

पेठ तालुक्यातल्या भातखाचरात पानावर तपकिरी लव असलेला ठिपका दिसतो. तो खोडकिड्याचा अंडीपुंज. पण त्यातून कधी अळ्यांऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्याच निघतात! खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या या तिघी.

ट्रायकोग्रामा वरवरची अंडी गाठते. टेलेनोमस खोडकिड्याच्या पतंगाच्या मागावर राहून, लव चढण्याआधीच डाव साधते. टेट्रास्टिकसची एक अळी दोन-तीन अंडी फस्त करते. अंडी तीच, दावेदार तीन.

निकाल बराचसा उबेच्या हाती. गारठ्यात कीटकांची वाढ रेंगाळते, उबेत धावते, अति तापलं की अडते; प्रत्येकीचा वेग निराळा. या वाढीचं संगणकातलं प्रारूप म्हणजे खतावणीच: रोजची ऊब जमा करायची, कोणाची पिढी केव्हा पुरी होते ते मांडायचं. त्यावरून ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड, शेतात कधी लावायचं ते कळतं. खोडकिड्याची अळी खोडात शिरल्यावर त्याचा उपयोग नाही.