संभाजीनगरात परवडेल असे ताट

छत्रपती संभाजीनगरात बाहेरच्या जेवणाची सोय दोन तऱ्हांची आहे. एक वेरूळ-अजिंठा पाहायला आलेल्यांसाठी, दुसरी शहरात राहून रोज बाहेर जेवणाऱ्यांसाठी. पहिली जालना रोडवर, रेल्वे स्टेशनच्या आसपास आणि लेण्यांच्या वाटेवर मोठ्या पाट्या लावून उभी असते. दुसरी मंडईच्या मागे, विद्यापीठाच्या वाटेवर, जुन्या दरवाजांच्या आतल्या बोळांत असते आणि तिला पाटीची फारशी गरज पडत नाही. पाहुणे बहुतेक वेळा पहिल्या सोयीतच अडकतात. दोन दिवस पनीर आणि तंदुरी रोटी खाऊन ते परत जातात, आणि या शहराची स्वतःची चव त्यांच्या वाट्याला येतच नाही. ही खरोखर हळहळण्यासारखी गोष्ट आहे, कारण दुसऱ्या सोयीतले जेवण अधिक चांगले असते आणि खिशालाही हलके असते.

याचे कारण रोजच्या गिऱ्हाइकात आहे. रोज येणारा माणूस वरण पातळ झाले की त्याच ताटावर बोलून दाखवतो, दर वाढला की पुढच्या आठवड्यात दुसरी खानावळ धरतो. एकदाच येणाऱ्या पर्यटकाची तक्रार त्याच्याबरोबरच निघून जाते. म्हणून नव्या माणसाने हॉटेलात शिरताना पदार्थांच्या यादीआधी एक गोष्ट पाहावी: इथली चूल कोणासाठी पेटते? हमालांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, वकिलांसाठी की कंपनीतल्या कामगारांसाठी? ते कळले की तिथे केव्हा जायचे आणि काय मागायचे हेही कळते.

या शहरात अशा चुली बऱ्याच आहेत, कारण शहर थराथरांनी वाढले. मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवले. पुढे औरंगजेबाच्या काळात ते मोगलांचे दख्खनमधले मुख्य ठाणे झाले. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलेपर्यंत निजामाचा कारभार इथूनच चाले, आणि निजामी राजवट १९४८ पर्यंत टिकली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली नागसेनवनात महाविद्यालय सुरू केले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, आणि मराठवाडाभरातली मुले शिकायला येऊ लागली. नंतर चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्र्याला कारखाने उभे राहिले. फौज, दरबार, विद्यार्थी, कामगार: प्रत्येकाने आपापले जेवण बरोबर आणले आणि ते इथेच राहिले.

त्यात सर्वांत जुना आणि शहराची ओळख झालेला पदार्थ म्हणजे नान-खलिया. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून जवळच्या दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, असे शहरात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. पदार्थाची घडण पाहिली तर ते पटण्यासारखे आहे. खलिया एका मोठ्या देगीत शिजतो, नान भट्टीत शेकड्याने निघतात, आणि दोन्ही एकत्र आले की हजार माणसांची पंगत कमी खटपटीत उठते. लग्नात, दावतीत आजही दस्तरखान पसरून हेच जेवण वाढतात.

नानची भट्टी एकदा तरी जवळून पाहावी. मैद्याचे आंबवलेले पीठ गोळ्यांत वाटून ठेवलेले असते. कारागीर गोळा थापतो, बोटांनी त्यावर खळगे पाडतो, गादीवर पसरून भट्टीच्या तापलेल्या भिंतीला चिकटवतो आणि हात बाहेर काढेपर्यंत दुसरा गोळा उचललेला असतो. थोड्या वेळाने लोखंडी सळईने सोडवलेला नान बाहेर येतो तो पिवळसर, कडेला खरपूस आणि मध्ये लुसलुशीत. तो नगावर विकला जातो. घरी रस्सा शिजवून नान तेवढे भट्टीवरून नेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. खलिया म्हणजे मसालेदार, सैल रश्शातले मटण. वर लालभडक तर्री तरंगत असली, तरी ती दिसते तेवढी जहाल नसते. नानचा तुकडा रश्शात पुरता भिजू द्यायचा आणि मग खायचा.

रोशन गेट, शहागंज, बुढ्ढी लेन, सिटी चौक या जुन्या भागांत हे जेवण साध्या हॉटेलांत मिळते. मागवताना ‘छोटे’ की ‘बडे’ हे विचारले जाते, किंवा गिऱ्हाइकाने विचारून घ्यावे. छोटे म्हणजे शेळी-बोकडाचे आणि बडे म्हणजे म्हशीवर्गाचे मांस, कारण महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. बडे स्वस्त असते, त्यामुळे दोन हॉटेलांच्या दरात मोठा फरक दिसला तर त्याचे कारण अनेकदा इथे सापडते. देग सकाळी चढते आणि संपली की संपली. उशिरा गेलेल्याला तळाचा खारट, आटलेला रस्सा मिळण्याची शक्यता असते, तेव्हा दुपारी एकच्या सुमारास गेलेले बरे. याच हॉटेलांत ताहरी, म्हणजे मसाल्यात शिजवलेला भात, आणि डाळ-मांसाचा आंबटसर दालचाही मिळतो. एकट्या माणसाचे पोट त्यात कमी पैशांत भरते.

शाकाहारी माणसाची मुख्य सोय खानावळीत आहे, आणि मराठवाड्याच्या जेवणाची खरी परीक्षा भाकरीवर होते. चांगली खानावळ भाकऱ्या आधीच थापून रास लावून ठेवत नाही. गिऱ्हाईक बसले की परातीत पीठ मळले जाते. ज्वारीचे पीठ ताजे असेल तर भाकरी मोठी थापली तरी कड फाटत नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते आणि थापतानाच कडेला भेगा पडतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग निखाऱ्यावर किंवा बर्नरवर धरून फुगवायची. ती टम्म फुगून ताटात आली की निम्मे जेवण तिथेच जमले. सोबत पिठले, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, काळ्या मसाल्यातले वांगे, अंबाडीची किंवा मेथीची भाजी. काही ठिकाणी येसराची आमटी मिळते. भाजलेल्या धान्य-डाळींत मसाला घालून केलेले येसर मराठवाड्यात घरोघरी डब्यात भरून ठेवलेले असते. ते आमटीला लावणारी खानावळ सापडली तर ती सोडू नये.

विद्यार्थ्यांच्या मेस हा यातला सर्वांत स्वस्त प्रकार. विद्यापीठाला लागून असलेला बेगमपुरा, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका असलेला औरंगपुऱ्याचा परिसर आणि सिडकोच्या वसाहती इथे त्या गल्लोगल्ली आहेत. अनेक मेस घरातच चालतात. पुढच्या खोलीत दोन टेबले आणि मागे स्वयंपाकघर. हिशेब महिन्याचा, दोन वेळच्या जेवणाचा. खाडे किती दिवसांचे धरणार हे आधी ठरवून घेतात. परक्या माणसाला ‘गेस्ट’ म्हणून एक ताट मिळते, फक्त सकाळी सांगून ठेवलेले बरे. रविवारी दुपारी गोडधोड आणि संध्याकाळी सुट्टी हा जवळपास सगळीकडचा रिवाज, म्हणून रविवारी रात्री मेसच्या भरवशावर राहू नये. इथले जेवण साधे असते, तेल-मसाला बेताचा असतो, आणि आठवडाभर खाल्ले तरी पोट बिघडत नाही. लेकरांना घरापासून दूर दोन वर्षे हेच खायचे असते, हे चालवणाऱ्या बायकांना ठाऊक असते. या शहरात शिकून मोठी झालेली हजारो माणसे त्यांच्या जेवणावर वाढली आहेत. पर्यटनाच्या माहितीपुस्तकांत मात्र या स्वयंपाकघरांना ओळभरही जागा मिळत नाही.

वाळूजजवळच्या बजाजनगरात तीच व्यवस्था कामगारांसाठी आहे. तिथले जेवण पाळीच्या वेळेला बांधलेले, भात जास्त, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांसाठी काही ठिकाणी वेगळी भाजी.

सकाळची गोष्ट वेगळी. जाधववाडीच्या बाजार समितीत भाजीचा लिलाव उजाडण्याआधी सुरू होतो आणि हमाल, शेतकरी, किरकोळ विक्रेते यांच्यासाठी चहा-पोह्यांच्या गाड्या तेव्हाच लागतात. शहरात इतरत्र पोहे, उपमा, भजी सगळीकडे आहेतच. पण सुशीला दिसली तर तीच घ्यावी. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाणे आणि डाळ्याच्या कुटाची फोडणी दिलेला हा मराठवाड्याचा नाश्ता पोह्यांपेक्षा हलका आहे, आणि गरम असतानाच त्याची मजा. गोड खाणाऱ्याने गुलमंडीवर जाऊन इमरती खावी. उडदाच्या डाळीची ही इमरती पाकातून काढल्या काढल्या खायची.

घाटी रुग्णालयाभोवती रुग्णांच्या नातेवाइकांची वर्दळ अखंड असते. पैशांची ओढाताण असलेल्या माणसासाठी शिवभोजन थाळी हा आधार ठरला आहे. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना सुरू केली, तेव्हा दहा रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात मिळे. केंद्रांवर थाळ्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे दुपारी बारालाच रांगेत उभे राहावे लागते.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. मालवण किंवा हर्णैसारख्या किनाऱ्यावरच्या गावात खानावळ निवडणे सोपे असते: आज काय उतरले ते विचारायचे आणि तेच मागायचे. संभाजीनगरपासून मुंबईचा किनारा सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. सुरमई-पापलेट इथे बर्फातून येतात आणि वाटखर्च ताटात मोजावा लागतो. त्यात १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तर समुद्री मासळीचा नादच सोडावा. इथला खरा मासा नाथसागराचा. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या या जलाशयात कटला, रोहू, मरळ मिळतात. पैठणला किंवा जलाशयाकाठच्या गावांत सकाळची मासळी दुपारी रश्शात येते. काटे जास्त, पण ताजेपणात आणि दरात त्याच्याशी समुद्रातल्या माशाने इथे बरोबरी करू नये.

लेण्यांकडे जाताना जेवणाचा विचार आधीच करावा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही त्यातच आले. वेरूळ तीस किलोमीटरवर आहे. लेण्यांच्या फाटकासमोरच्या हॉटेलांपेक्षा गावात, घृष्णेश्वराच्या बाजूला गेले तर साधे जेवण मिळते. अजिंठा शंभर किलोमीटरवर. वाटेत सिल्लोड हे मोठ्या बाजाराचे गाव लागते आणि तिथल्या हॉटेलांना तालुक्याचे रोजचे गिऱ्हाईक आहे. फर्दापूरला लेण्यांच्या तोंडाशी भुकेने कासावीस होऊन थांबण्यापेक्षा येता-जाता सिल्लोडला जेवावे.

महामार्गावर ‘गाड्या थांबल्या म्हणजे जेवण चांगले’ हा समज बहुतेकांचा असतो, आणि तो फसवा आहे. ट्रॅव्हल्सची बस जिथे थांबते तिथे चालकाचे जेवण अनेकदा फुकट असते, त्यामुळे बसचा थांबा चवीची साक्ष देत नाही. शहरातल्या रिक्षावाल्याने आपण होऊन सुचवलेल्या हॉटेलाबाबतही हीच सावधगिरी हवी. मात्र तो स्वतः दुपारी कुठे जेवतो हे विचारले तर उत्तर सहसा खरे मिळते. ढाब्यावर मालवाहू ट्रकचे चालक बसलेले असतील तर खुशाल बसावे, ते स्वतःच्या पैशांनी खातात. तिथे शेवभाजी मागवावी. रस्सा उकळल्यावर अगदी शेवटी जाड तिखट शेव टाकणारा स्वयंपाकी जाणकार. आधीच टाकली की तिचा लगदा होतो.

स्वच्छतेची तपासणी या शहरात पाण्यापासून सुरू होते. जायकवाडी पन्नासएक किलोमीटरवर असूनही नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि हॉटेले टँकरवर व जारवर चालतात. जारचे पाणी थंड असते म्हणून शुद्ध असतेच असे नाही. भांडी कुठे विसळतात, पेले कशात बुडवतात हे हात धुवायच्या निमित्ताने पाहता येते. अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो.

बिल वाचायला शिकले की पैसेही वाचतात. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज देणे ऐच्छिक आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. थाळी ‘लिमिटेड’ आहे की पोटभर, आणि जास्तीची भाकरी वेगळी मोजणार का, हे बसण्याआधी विचारण्यात संकोच नको. नेहमीची गिऱ्हाइकेही ते विचारतात.

बाकी सारे ऋतूवर अवलंबून. रमजानमध्ये जुन्या शहरातली अनेक हॉटेले दिवसा शांत असतात आणि इफ्तारनंतर बुढ्ढी लेनपासून शहागंजपर्यंत रात्र जागते. हलीम खायचा तो तेव्हाच. पावसाळा ओसरला की दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत शहराभोवतीच्या शेतांवर हुरडा निघतो: ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, हातावर चोळायची आणि दाणे गूळ, दही, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. कृषी पर्यटन केंद्रांवर त्याचा माणशी दर ठरलेला असतो आणि त्यात बैलगाडीची फेरी, झोपाळे असे बरेच काही धरलेले असते. नुसता हुरडा हवा असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडे निम्म्याहून कमी खर्चात तो होतो. मात्र एक दिवस आधी निरोप द्यावा लागतो, कारण कणसे त्याच सकाळी तोडायची असतात.