जुन्या शेफ्लेराचे बोन्साय

बैठकीतला जुना शेफ्लेरा छताला टेकला आणि खाली नुसते दांडके उरले, की आपण त्याला बाहेर टाकायला निघतो. भगिनींनो, घाई करू नका! जाड बुंधा हीच बोन्सायची खरी पुंजी. तो तयार व्हायला वर्षे लागतात.

तैवानकडचे हे झाड दमट हवेचे. तुमसरच्या मे महिन्यात त्याला कात्री लावू नका. धानाची रोवणी सुरू झाली, की धारदार कात्रीने खोड हव्या त्या उंचीवर, पानाच्या जुन्या खुणेच्या जरा वर कापा. झाड निरोगी असेल तर काही आठवड्यांत उघड्या खोडावरही कोंब फुटतात. चहूबाजूंना जाणारे तीन-चारच राखा. घट्ट तारेचे वळ उठतात, म्हणून आकार छाटणीनेच द्या. पुढच्या पावसाळ्यात मुळे थोडी छाटून झाड उथळ कुंडीत लावा.

कुंडी खिडकीजवळ उजेडात ठेवा. कुलरचा थेट झोत नको. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. पाने चघळल्यास तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलांपासून जपा.

आणि कापलेला शेंडा फेकू नका. ओल्या रेतीत खोचा. मुळे फुटली की शेजारणीला द्या.