पांढऱ्या मोहऱ्यांची शिदोरी

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या चालीचा मान पांढऱ्या मोहऱ्यांचा. ती चाल २० प्रकारे करता येते आणि काळ्यालाही तितकीच उत्तरे सुचू शकतात. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. डावाच्या प्रारंभावरील ग्रंथांनी कपाटे भरून जावीत, यात नवल ते काय? परंतु दिवसभराची नोकरी सांभाळून रविवारच्या स्पर्धेत उतरणारा खेळाडू ते सारे पाठ करू लागला, तर पहिल्या दहा चालींतच त्याच्या संध्याकाळी संपतील, आणि अकराव्या चालीला काय करावे हे त्याला उमगणार नाही.

या बाबतीत सुलतान खान यांचे उदाहरण मोठे बोलके आहे. पंजाबातील हा खेळाडू देशी बुद्धिबळावर वाढला. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते. साहजिकच विलायती ग्रंथांतील प्रारंभ त्यांना परके होते. तरीही १९२९, १९३२ व १९३३ साली त्यांनी ब्रिटनचे अजिंक्यपद पटकावले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळून कापाब्लांका या माजी जगज्जेत्यास नमवले. त्या डावात पाचव्या चालीस त्यांनी वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवले. चाल दिसायला भित्री. पण काळ्या उंटाला पुढे येऊन घोड्यास जखडण्याची वाटच तिने बंद केली.

अर्थात सुलतान खानांची दृष्टी सर्वांनाच लाभत नाही. सामान्य खेळाडूने एकच मांडणी निवडावी व तिची कारणे समजून घ्यावीत. १९२२ च्या लंडन येथील स्पर्धेवरून नाव पडलेली ‘लंडन पद्धती’ यासाठी सोयीची आहे. वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवावे आणि वजिराकडील उंट लगेच राजाकडील उंटाच्या रांगेत, चौथ्या घरावर आणावा. मगच राजापुढील प्यादे एक घर हलवावे. हा क्रम महत्त्वाचा. प्यादे आधी सरकले, तर तो उंट आपल्याच तटबंदीत कोंडला जातो. पुढे वजिराकडील उंटापुढचे प्यादे एक घर, दोन्ही घोडे, दुसरा उंट आणि किल्लेकोट.

पंडित मंडळी या मांडणीला नाके मुरडतात. काळ्याला तिच्याविरुद्ध बरोबरी साधणे अवघड नाही, हा त्यांचा आक्षेप खोटाही नाही. पण २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेन यांनी सहावा डाव याच पद्धतीने जिंकला, हेही विसरता येत नाही.

खरा धोका निराळाच आहे: समोरच्या चालींकडे न पाहता ठराविक चाली करीत राहण्याचा. पांढरा उंट बाहेर पडला की त्याने राखलेले, वजिराकडील घोड्यापुढचे प्यादे उघडे पडते, आणि काळा वजीर नेमका त्यावरच रोख धरतो. अशा वेळी आपला वजीर तिसऱ्या रांगेत, त्याच प्याद्यापुढे आणावा. वजिरांची अदलाबदल झाली तरी भिण्याचे कारण नाही. काळ्याने राजाकडील उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवला, तर मात्र मांडणी बदलावी लागते. मग काळ्याच्या राजापुढील प्यादे एकेक घर धावत येते. पांढरा उंट वजिराच्या रांगेत तिसऱ्या घरावर असला, तर ते प्यादे त्याला व घोड्याला एकाच वेळी धरते. म्हणून येथे उंट राजापुढे दुसऱ्या घरावरच ठेवावा, आणि राजाकडील हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून दुसऱ्या उंटाला माघारीचे घर करून द्यावे.

यासाठी साधी वही पुरते. हरलेला प्रत्येक डाव तीत उतरवावा व आपली पहिली शंकास्पद चाल कोणती, तेवढेच समासात लिहावे. पाचसहा महिन्यांत तीच तीच दोनतीन ठिकाणे पुन्हा दिसू लागतात. अभ्यास करावयाचा तो तेवढ्यांचाच.